रेडक्रॉसचे दिवाळखोर जनक

युद्धें राजे पुकारतात, त्यांचा खर्च रयत भरते, आणि इतिहासांत नांवें मात्र सेनापतींचीं राहतात, हा जगाचा जुना परिपाठ आहे. सन १८५९ मध्यें उत्तर इटलींत फ्रान्स व सार्डिनिया हीं राज्यें एका बाजूस आणि ऑस्ट्रिया दुसऱ्या बाजूस असें जें युद्ध झालें, त्यांतील सेनापतींचीं नांवें इतिहासाच्या अभ्यासकांवांचून आज फारसें कोणी घेत नाहीं. परंतु त्याच रणभूमीजवळ आपल्या जमिनीच्या व पाण्याच्या अर्जाची तड लावण्यासाठीं आलेल्या जिनीव्हाच्या एका व्यापाऱ्यानें जें काम आरंभिलें, तें पुढें सर्व राष्ट्रांच्या कायद्यांत शिरलें. हेन्री ड्यूनां हें त्यांचें नांव. रेडक्रॉसचें तांबडें चिन्ह आमच्या प्रत्येक वाचकानें पाहिलें असेल. पण त्या चिन्हाच्या संस्थेचे जनक दिवाळें निघालेले गृहस्थ होते, व आपणच उभारलेल्या मंडळींतून त्यांस बाहेर पडावें लागलें, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. पेढीवर बसणाऱ्या व जमाखर्च जाणणाऱ्या वाचकांपुढें हें चरित्र मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे तें ह्याचसाठीं.

ड्यूनां यांचा जन्म ता. ८ मे १८२८ रोजीं स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा शहरीं एका सुखवस्तु व धर्मशील कुटुंबांत झाला. वडील व्यापारी असून अनाथ मुलें व तुरुंगांतून सुटलेले कैदी यांच्या सोयीकडे लक्ष देत. आई गोरगरिबांची व आजाऱ्यांची विचारपूस करी. घरांतले हे संस्कार मुलाच्या अंगीं लवकर उतरले. विद्येंत मात्र त्यांची गति बेताचीच होती. परीक्षेंत यश न आल्यामुळें शाळा सोडून त्यांनीं एका सराफी पेढीवर उमेदवारी पत्करली. फुरसतीच्या वेळीं ते तुरुंगांत जाऊन कैद्यांस वाचून दाखवीत व गरिबांच्या वस्तींत फिरत. सन १८५२ मध्यें तरुण ख्रिस्ती मंडळींची जिनीव्हांतील शाखा त्यांनीं काढली, आणि १८५५ मध्यें पॅरिस येथें त्या मंडळींचा सर्व देशांचा संघ बनला, त्या कामींही त्यांचा हात होता. ह्यावरून माणसें जमवावीं, पत्रें लिहावीं, चार गांवांच्या लोकांस एका सूत्रांत ओंवावें, ही त्यांची हातोटी पहिल्यापासूनची होती असें दिसतें.

पेढीच्या कामानिमित्त ते १८५३ मध्यें आल्जीरियास गेले आणि तेथें त्यांस स्वतःचा धंदा काढण्याची इच्छा झाली. सन १८३० पासून फ्रेंचांनीं तो देश जिंकण्यास आरंभ केला होता, व मूळ रहिवाशांच्या जमिनी काढून त्या युरोपांतून आलेल्या लोकांस व कंपन्यांस देण्याचा सपाटा चालविला होता. ड्यूनां यांनींही जमिनीचा पट्टा मिळविला, आणि १८५८ मध्यें गव्हाच्या गिरण्या चालविण्यासाठीं मोठ्या भांडवलाची कंपनी उभी केली. परंतु गिरणीस पाणी पाहिजे, आणि पाण्याचा हक्क व आणखी जमीन देण्याविषयीं सरकारी कचेऱ्या वर्षानुवर्षें टोलवाटोलवी करीत होत्या. ह्या ठिकाणीं आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या भूमीसाठीं ते अर्ज करीत होते ती देणाऱ्याची नव्हती आणि मागणाऱ्याचीही नव्हती. ती तिच्या शेतकऱ्यांची होती. परक्याच्या जखमेनें पुढें ज्यांचें हृदय इतकें कळवळलें, त्यांस हा अन्याय दिसला नाहीं, ह्यावरून सत्ता व व्यापार यांची जोड भल्या माणसाच्याही डोळ्यांवर कशी झापड आणते हें कळून येतें.

कचेऱ्यांकडून काम होईना, तेव्हां थेट बादशहा तिसऱ्या नेपोलियनची भेट घ्यावी असें ड्यूनां यांनीं ठरविलें. बादशहा त्या वेळीं फौजेसह लोंबार्डींत होता. त्या युद्धाचें मूळ असें कीं, इटलीचे तुकडे झालेले असून लोंबार्डी व व्हेनिस हे प्रांत ऑस्ट्रियाच्या ताब्यांत होते. सार्डिनियाचा मुख्य प्रधान काव्हूर यानें जुलै १८५८ मध्यें प्लोंबियेर येथें नेपोलियनची गुप्त भेट घेऊन मदतीचा करार जमविला. एप्रिल १८५९ मध्यें ऑस्ट्रियानें सार्डिनियास निर्वाणीचा खलिता धाडला, व तो अमान्य होतांच लढाईस तोंड लागलें. ता. ४ जून रोजीं माजेंता येथें ऑस्ट्रियाचा पराभव झाला, आणि ता. २४ जून रोजीं गार्डा सरोवराच्या दक्षिणेस सॉल्फेरिनोच्या टेकड्यांवर दोन्ही सैन्यांची पुनः गांठ पडली.

दोन्ही पक्षांचे मिळून अडीच लाखांहून अधिक लोक त्या दिवशीं पहांटेपासून सायंकाळपर्यंत लढत होते. फ्रान्सचा बादशहा, ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ व सार्डिनियाचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल हे तिघेही रणांगणावर जातीनें हजर होते. दुपारीं मोठें वादळ झालें, आणि त्याच्या आडोशानें ऑस्ट्रियाची फौज मागें हटली. मृत, जखमी, बेपत्ता व कैद झालेले मिळून उभयपक्षीं सुमारें ४०,००० लोक कामास आले. त्यांत आल्जीरियांतून आणलेल्या पलटणींचे शिपाईही होते. स्वतःचा देश परक्याच्या ताब्यांत असतां दुसऱ्याच्या देशाच्या मुक्ततेसाठीं ते मरत होते! आमच्या शिपायांनींही असल्या परक्या लढाया पुष्कळ लढल्या आहेत, त्यामुळें हा प्रकार वाचकांस निराळा समजावून देण्याची गरज नाहीं.

ड्यूनां त्या दिवशीं संध्याकाळीं जवळच्या कास्तील्योने नांवाच्या गांवीं येऊन पोहोंचले. त्यांनीं तेथें जें पाहिलें त्यास त्यांचें मन तयार नव्हतें. गाड्यांतून, खेंचरांवरून व सोबत्यांच्या खांद्यांवरून जखमी लोक हजारोंनीं गांवांत येत होते. देवळें, मठ, शाळा, अंगणें व रस्ते त्यांनीं भरून गेले. मोठ्या देवळांतच सुमारें पांचशें जखमी गवतावर पडले होते. अन्न होतें पण वाढणारा नव्हता. विहिरी होत्या पण पाणी पाजणारा नव्हता. फ्रेंच फौजेंत दर हजार घोड्यांमागें जितके पशुवैद्य होते, तितके दर हजार शिपायांमागें डॉक्टर नव्हते. घोडा मेला तर खजिन्यांतून दाम मोजावे लागतात, आणि शिपाई मेला तर दुसरा फुकट भरती होतो, असाच हा हिशेब होता.

ड्यूनां वैद्य नव्हते, शिपाई नव्हते, अधिकारीही नव्हते. उन्हाळ्याच्या प्रवासाचा पांढरा पोशाख अंगावर असलेला हा व्यापारी बाह्या सारून कामास लागला. गांवांतील बायका व मुलें गोळा करून त्यांनीं कोणीं पाणी आणावें, कोणीं जखमा धुवाव्या, कोणीं मरणाऱ्याचा शेवटचा निरोप लिहून घ्यावा, अशी वांटणी लावून दिली. शेजारच्या शहरीं गाडी धाडून लिंबें, साखर, तंबाखू, सदरे व पट्ट्यांचें कापड पदरच्या पैशांनीं आणविलें. गांवच्या बायकांनीं फ्रेंच आणि ऑस्ट्रियन असा भेद न करितां सर्वांची सारखीच शुश्रूषा केली. सगळे आपले भाऊच आहेत असें त्या म्हणत. ह्या बायकांचीं नांवें इतिहासानें टिपून ठेविलीं नाहींत. पण पुढें जो कायदा झाला त्याचें पहिलें कलम त्यांच्याच वागणुकींत होतें. फ्रेंचांच्या कैदेंतील ऑस्ट्रियन डॉक्टरांस जखमींच्या उपयोगासाठीं सोडावें अशी रदबदली ड्यूनां यांनीं केली व ती सफळ झाली. गिरणीच्या पाण्याचा अर्ज मात्र होता तेथेंच राहिला.

युद्धाचा निकाल काय लागला? ता. ११ जुलै रोजीं दोघां बादशहांनीं व्हिलाफ्रांका येथें आपसांतच तह ठरविला. लोंबार्डी सार्डिनियास मिळाली, व्हेनिस ऑस्ट्रियाकडेच राहिलें, आणि काव्हूरनें संतापून राजीनामा दिला. पुढल्या वर्षीं मदतीचें मोल म्हणून नीस व साव्हॉय हे प्रांत फ्रान्सला द्यावे लागले. परक्याच्या तरवारीनें स्वातंत्र्य मिळवूं जाणाऱ्यास त्या तरवारीचें भाडें भरावें लागतें, हा धडा इटलीनें पुरतेपणीं घेतला.

ड्यूनां जिनीव्हास परतले तरी कास्तील्योनेचें देऊळ त्यांच्या डोळ्यांपुढून हालेना. सन १८६२ मध्यें त्यांनीं सॉल्फेरिनोच्या आठवणींचें एक लहानसें पुस्तक लिहिलें व स्वतःच्या खर्चानें त्याच्या १,६०० प्रती छापून युरोपांतील राजे, प्रधान व विचारवंत यांच्याकडे धाडल्या. नुसती करुणा उत्पन्न करून तें पुस्तक थांबलें असतें तर आम्हांस आज त्याचें स्मरण झालें नसतें. त्यांत दोन सूचना होत्या. पहिली, प्रत्येक देशांत शांततेच्या काळींच स्वयंसेवकांची मंडळी स्थापून जखमींच्या शुश्रूषेची तयारी ठेवावी. दुसरी, जखमी व त्यांची सेवा करणारे यांस दोन्ही पक्षांनीं अवध्य मानावें, आणि तसा करार सर्व राष्ट्रांनीं आधींच करून ठेवावा. आग लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं, हें आमच्याकडे घरोघर बोललें जातें. तेंच शहाणपण ह्या गृहस्थांनीं राष्ट्रांच्या गळीं उतरविण्याचा उद्योग केला.

जिनीव्हाच्या लोकहितसभेचे अध्यक्ष ग्यूस्ताव्ह म्वान्ये हे पेशानें वकील होते. त्यांनीं ही कल्पना उचलली. ते, ड्यूनां, वृद्ध सेनापति द्यूफूर आणि आप्पिया व मोन्वार हे दोन डॉक्टर, अशा पांच जणांची मंडळी फेब्रुवारी १८६३ मध्यें बनली. तीच आजच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस मंडळाचें मूळ होय. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ३६ प्रतिनिधींची परिषद जिनीव्हास भरली, आणि ता. २२ ऑगस्ट १८६४ रोजीं बारा राज्यांनीं दहा कलमांच्या करारावर सह्या केल्या. लष्करी इस्पितळें व त्यांतील नोकर तटस्थ समजावे, जखमींस मदत करणाऱ्या गांवकऱ्यांस त्रास देऊं नये, जखमी कोणत्याही राष्ट्राचा असो त्याची शुश्रूषा करावी, आणि पांढऱ्या पटावर तांबडा क्रॉस ही सर्वांची खूण असावी, हा त्या कराराचा मथितार्थ होता. कायद्याच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्यांस ह्याचें महत्त्व लवकर पटेल. दया ही माणसाच्या लहरीवर असते. आज आली, उद्यां आटली. ती कलमांत बसविली म्हणजे जखमी शिपाई याचक राहत नाहीं, हक्कदार होतो.

परंतु ह्या कराराची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो राज्याराज्यांमधला होता. जिंकलेल्या प्रजेस त्यांत जागा नव्हती. सॉल्फेरिनोच्या केवळ एक वर्ष आधीं, एप्रिल १८५८ मध्यें, झांशी पडल्यावर शहरांत जी कत्तल व लूट झाली, ती त्या वेळीं तेथें अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनीं आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेविली आहे. इंग्लंडनें १८६५ मध्यें जिनीव्हाचा करार पत्करला, तरी अंकित लोकांच्या उठावास बंड म्हणावें आणि बंडखोरास युद्धाचे नियम लावूं नयेत, ही युरोपीय राज्यांची समजूत पुढें कित्येक दशकें टिकली. ता. १२ ऑगस्ट १८४९ नव्हे, त्याहून शंभर वर्षांनीं, म्हणजे १९४९ सालच्या त्याच तारखेस, जिनीव्हा येथें जे चार करार झाले, त्यांत देशांतर्गत सशस्त्र झगड्यांतील जखमींस व शरण आलेल्यांसही माणुसकीनें वागविण्याचें बंधन प्रथम घातलें गेलें. स्वतंत्र हिंदुस्थानानें ते करार मान्य करून १९६० मध्यें त्यांचा कायदा केला. झांशीच्या गल्ल्यांतील मनुष्यांस न्यायाच्या कक्षेंत येण्यास इतका काळ लागला.

आतां चरित्राच्या दुःखद भागाकडे वळूं. ड्यूनां राजधान्यांतून फिरत होते, राजे त्यांस भेटीस बोलावीत होते, आणि इकडे आल्जीरियाच्या गिरण्या बुडत होत्या. सन १८६७ मध्यें जिनीव्हाची एक पतपेढी बुडाली व त्याबरोबर त्यांचें दिवाळें निघालें. कर्ज सुमारें दहा लक्ष फ्रँक होतें, आणि त्यांत आप्तमित्रांच्याही ठेवी होत्या. मंडळीच्या चिटणिसाची जागा त्यांस सोडावी लागली, आणि सप्टेंबर १८६७ मध्यें मंडळीशीं असलेला संबंधही तुटला. ऑगस्ट १८६८ मध्यें कोर्टानें निकाल दिला कीं, त्यांनीं भागीदारांस जाणूनबुजून फसविलें. त्यांनीं जिनीव्हा सोडलें तें कायमचें. त्यांची आई १८६८ मध्यें वारली.

ह्या प्रकरणीं आमचें मत आम्ही आडपडदा न ठेवतां देतों. कोर्टानें आपलें काम केलें. दहा लक्ष फ्रँक बुडाले ते कोणाच्या तरी घामाचे होते, आणि परोपकारी माणसास व्यवहारांत सूट द्यावी असा कायदा कोठेंही नाहीं व नसावा. सार्वजनिक कामाच्या धांवपळींत दुसऱ्याच्या भांडवलाकडे दुर्लक्ष करणें हा दोषच होय. परंतु धनकोचा दावा एक, आणि केलेल्या कामाचें श्रेय दुसरें. जिनीव्हाच्या प्रतिष्ठितांनीं हीं दोन्हीं खातीं एकत्र केलीं. म्वान्ये पुढें सुमारें चाळीस वर्षें मंडळीचे अध्यक्ष राहिले. त्यांच्या कर्तबगारीवांचून ती संस्था टिकली नसती हें आम्ही मान्य करितों. पण त्यांच्या कारकीर्दींत संस्थेच्या जनकाचें नांव हळूहळू पुसलें गेलें, हेंही खरें आहे. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण वैद्यकीय सेवेच्याच संस्थेस लागू पडावी हा दैवदुर्विलास होय.

पुढील वीस वर्षें ड्यूनां यांनीं कशीं काढलीं असतील ह्याची कल्पनाच करावी. सन १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धांत पॅरिस येथें त्यांनीं पुनः मदतीची मंडळी काढली. युद्धकैद्यांच्या संरक्षणासाठींही करार व्हावा म्हणून ते खटपट करीत राहिले. परंतु हातांत पैसा नव्हता. कोटाचीं विटलेलीं ठिकाणें शाईनें काळीं करावीं, सदऱ्याची कॉलर खडूनें पांढरी करावी, आणि रात्र स्टेशनवरच्या बांकावर काढावी, असे दिवस त्यांस आले. अखेर १८८७ मध्यें ते स्वित्झर्लंडांतील हायडेन ह्या डोंगरी गांवीं आले. तेथील डॉक्टर आल्टहेर यांनीं त्यांस आसरा दिला, आणि १८९२ पासून गांवच्या इस्पितळांतील एका खोलींत ते राहूं लागले. जगाच्या लेखीं ते मेल्यासारखेच होते.

सन १८९५ मध्यें एका पत्रकारानें त्यांस तेथें शोधून काढून त्यांची हकीकत छापली, आणि विसरलेल्या युरोपास एकदम आठवण झाली. आमच्या धंद्याची ही एक चांगली कामगिरी म्हणून तिचा उल्लेख करण्यास आम्हांस संतोष वाटतो. सन १९०१ मध्यें नोबेलचें पहिलें शांततेचें पारितोषिक ड्यूनां व फ्रेंच शांततावादी फ्रेदेरिक पास्सी यांस विभागून मिळालें. धनकोंनीं जप्ती आणूं नये म्हणून ती रक्कम नॉर्वेंतच ठेविली गेली. ड्यूनां यांनीं तींतील एक पैही स्वतःवर खर्च केली नाहीं. ता. ३० ऑक्टोबर १९१० रोजीं त्याच खोलींत ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें झूरिक येथें कोणताही समारंभ न करितां त्यांस पुरण्यांत आलें. मृत्युपत्रांत त्यांनीं हायडेनच्या इस्पितळांत गांवच्या गरिबांसाठीं एका मोफत खाटेची तजवीज केली, कांहीं रक्कम धर्मादाय संस्थांस दिली, आणि उरलेला पैसा कर्जाकडे वळविला. कर्ज त्यानें फिटलें नाहीं; पण चाळीस वर्षांनंतरही तें फेडावयाचें आहे हें ऋणको विसरला नव्हता.

ह्या चरित्रापासून आमच्या शहरांतील व्यापारी व सुशिक्षित मंडळींनीं काय घ्यावें? आमच्याकडे दानाची कमतरता नाहीं. पूर येवो, दुष्काळ पडो, सांथ येवो, चार दिवसांत वर्गणीचे आंकडे फुगतात, धान्याच्या गाड्या निघतात, आणि पंधरवड्यानें सर्व थंड होतें. पुढल्या संकटाच्या वेळीं यादी नाहीं, कोठार नाहीं, शिकविलेला स्वयंसेवक नाहीं, मागल्या वर्गणीचा हिशेबही नाहीं. कास्तील्योनेस अन्न होतें व वाढणारा नव्हता. आमच्या गांवोगांव हाच देखावा वारंवार दिसतो. ड्यूनां यांची पहिली सूचना शांततेच्या काळांतील तयारीची होती, आणि तिला लष्कराची किंवा सरकारच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं. प्रत्येक पेठेनें दहा माणसें जखम बांधण्यास व आजारी उचलण्यास शिकवावीं, औषधांचा व पट्ट्यांचा सांठा तपासून ठेवावा, आणि त्याचा जमाखर्च दरवर्षीं चारचौघांत वाचावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सार्वजनिक कामास लागलेल्या माणसानें आपला धंदा व लोकांचा पैसा यांत अंतर राखावें, आणि मंडळ्यांनींही आपल्या चिटणिसाचे डोळे राजदरबारच्या मानानें दिपूं लागले आहेत कीं काय, हें वेळींच पाहावें. तिसरी गोष्ट न्यायाची. ज्याचें दिवाळें निघालें त्याजकडून कायद्यानें येणें असेल तें वसूल करावें. पण त्याचें नांव गांवच्या स्मरणांतून खोडण्याचा हुकूमनामा कोणत्याही कोर्टानें दिलेला नसतो. व्यापारांत बुडालेल्या माणसास आमच्या पेठांतून ओळख दाखविण्याचीही चोरी होते, आणि त्यानें पूर्वीं बांधलेल्या धर्मशाळेंत मात्र आम्ही निवांत झोंपतों! ड्यूनां यांच्या खात्यावर दहा लक्ष फ्रँक नांवें पडले होते. जमेच्या बाजूस किती जखमींचे प्राण लिहावे, हें ज्यानें त्यानें आपल्या वहीशीं ताडून ठरवावें.